कंसातले कोकण : रेवदंड्याच्या ताटातील शब्द आणि आपले कोश

रेवदंड्याच्या बाजारपेठेत आमचे किराणा मालाचे दुकान होते. वडिलांनी ते चालवले आणि त्यांच्यानंतर काही वर्षे मी. दुकान बंद झाले तेव्हा रिकामे डबे, तागडी आणि उधारीच्या चोपड्यांची एक चवड एवढे माझ्या वाट्याला आले. चोपड्या मी रद्दीत घातल्या नाहीत, आणि त्यामागे काही संशोधकी दूरदृष्टीही नव्हती. वडिलांच्या अक्षराचा मोह, इतकेच कारण. पुढे शब्दकोश वाचायचा नाद लागला तेव्हा लक्षात आले की या चोपड्यांत एक गोष्ट आहे जी कोशात नाही. वडील गिऱ्हाईक जे बोले तेच लिहीत. हिशेबाच्या वेळी वाद निघाला तर वही गिऱ्हाइकाच्या तोंडच्या शब्दांत बोलली पाहिजे, असा त्यांचा नियम होता. त्यामुळे एकाच पोत्यातून दिलेला माल एका खात्यावर ‘बिरड्याचे वाल’ म्हणून पडलेला आहे, दुसऱ्यावर ‘डाळिंब्यांचे वाल’ आणि तिसऱ्यावर नुसते ‘कडवे’. एकाकडे ‘आमसुले’ गेली आहेत, दुसऱ्याकडे ‘कोकमे’, आणि दक्षिणेकडून नोकरीला आलेल्या एका कुटुंबाकडे ‘सोले’. डबा एकच.

या लेखात मी त्या चोपड्यांच्या आधाराने आपल्या कोशांकडे, भाषिक पाहण्यांकडे आणि पाकपुस्तकांकडे पाहणार आहे. प्रश्न साधा आहे. रोजच्या खाण्याचा बोलीतला शब्द आपण नोंदवतो तेव्हा नेमके काय नोंदवतो, आणि काय गाळतो?

१. खूण आणि तिच्या आतले अंतर

मोल्सवर्थचा कोश १८३१ साली प्रथम निघाला आणि १८५७ साली त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती आली. त्यानंतर दाते-कर्वे मंडळींचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत आणि १९५० साली पुरवणी विभागासह पूर्ण झाला. मराठी माणसाने या दोन्ही ग्रंथांपुढे नम्रच असले पाहिजे. माझ्यासारख्या, कॉलेजचे तोंड न पाहिलेल्या माणसाचे तर सारे शिक्षण त्यांच्याच पानांवर झाले. पण ज्याच्याकडून शिकलो त्याची तपासणी करणे हेही त्याच शिक्षणात येते.

दोन्ही कोशांत प्रादेशिक शब्दाच्या पुढे त्या प्रदेशाची खूण असते. दाते-कर्व्यांनी तर राजापूर, गोवा, बेळगाव, वऱ्हाड, खानदेश अशा खुणा वेगवेगळ्या केल्या. प्रदेशाच्या आत उतरावे लागते, हे त्यांना पटलेले होते याचा हा पुरावाच आहे. तरीही असंख्य शब्दांपुढे कंसात नुसते ‘कोकण’ येते. हे कंसातले कोकण डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत पसरलेले आहे. अंतराचा प्रश्न एक वेळ बाजूला ठेवू. माझी मुख्य तक्रार निराळी आहे. ती खूण शब्द कुठल्या जिल्ह्यातला ते सांगते, कुठल्या चुलीवरचा ते सांगत नाही. आणि खाण्याच्या शब्दांत चूल हाच खरा प्रदेश असतो.

रेवदंड्यात हे डोळ्यांनी दिसते. गाव लहान. एका बाजूला समुद्र, एका बाजूला कुंडलिकेची खाडी, पोर्तुगीज तटाच्या आत नारळी-पोफळीची आगरे. चालत अर्ध्या तासात सगळा गाव होतो. पण एवढ्यातच कोळी, आगरी, भंडारी, माळी, ब्राह्मण, कायस्थ, कोकणी मुसलमान, बेने इस्राएल अशा चुली होत्या किंवा आहेत, आणि खाडीपलीकडे कोर्लईत ख्रिस्ती वस्ती. यांतली प्रत्येक चूल एकाच वाणसामानाला आपला शब्द लावते. भूगोल सगळ्यांचा एक, शब्द मात्र वेगळे. ‘कोकण’ ही खूण अशा गावात काय कामाची?

२. एका वाटीची दोन नावे

वालाचेच घ्या. वाल भिजवायचे, मोड आणायचे, कोमट पाण्यात घालून एकेक सोलायचे. हे काम वेळखाऊ. घरातल्या म्हाताऱ्या आणि शाळेतून आलेली पोरे यांच्या पदरी ते पडते. सोललेल्या दाण्यांची रस ठेवून उसळ करतात. ब्राह्मणांकडे तिचे नाव ‘डाळिंबी’, डाळिंबाच्या दाण्यांसारखे ते टपोरे दाणे दिसतात म्हणून. कायस्थांकडे आणि गावातल्या इतर अनेक घरांत ‘बिरडे’, बोलताना ‘बिरडं’. फोडणीत, नारळात, गुळाच्या प्रमाणात थोडेफार अंतर असेल. मूळ क्रिया एकच.

प्रमाण मराठीच्या वाचकाला डाळिंबी हा शब्द ‘मराठी’ वाटतो आणि बिरडे ‘कोकणी’. का? दोन्ही शब्द याच किनाऱ्यावर, शेजारी शेजारी, एकाच काळात वापरले गेले आहेत. एकाला खूण लागते आणि दुसऱ्याला लागत नाही, याचे कारण शब्दाच्या भूगोलात सापडणार नाही. पुस्तके, मासिके आणि पाठ्यपुस्तके कोणाच्या स्वयंपाकघरातून लिहिली गेली, तिथे ते शोधावे लागते.

बिरड्याची गोष्ट इथे संपत नाही. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी बेने इस्राएलांचा इतिहास १८९७ च्या सुमारास इंग्रजीत लिहिला. तो त्यांच्या निधनानंतर, १९३७ साली तेल अवीवला छापला गेला. या समाजाच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून लागले. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. हिब्रू ग्रंथांशी संबंध तुटलेल्या त्या शतकांत त्यांनी सण विसरले नाहीत, पण सणांची नावे मराठी झाली. जेरुसलेमचे मंदिर पाडले गेले त्या दिवसाचा, म्हणजे आब महिन्याच्या नवमीचा उपास हा ‘बिरड्याचा रोजा’ झाला. त्या उपासाला वालाच्या बिरड्याची जोड होती. तिश्री महिन्यातला एक सण ‘खिरीचा सण’ झाला. वल्हांडणाच्या सणाचे नाव तर आंबट द्रवाचे भांडे झाकून ठेवण्यावरून पडले. खमीर घरात ठेवायचे नाही, ही मूळ आज्ञा. तिची आठवण एका झाकलेल्या भांड्याच्या रूपाने टिकली.

यातले मोल नीट पाहिले पाहिजे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका नगराचा शोक या किनाऱ्यावर एका कडधान्याच्या नावाने जिवंत राहिला. ‘रोजा’ हा फारसी शब्द शेजारच्या मुसलमानाचा, ‘बिरडे’ हा शब्द शेजारच्या शेतकऱ्याचा, आणि दुःख त्यांचे स्वतःचे. कोशात बिरडे शोधणाऱ्याला ‘वालाची उसळ’ एवढा अर्थ मिळाला तर तो चूक नाही. पण तो शब्द एका समाजाच्या पंचांगात जाऊन बसला होता, ही गोष्ट त्या अर्थात कुठेही मावत नाही.

३. मलिदा : एका शब्दाचे तीन रस्ते

दुसरे उदाहरण ‘मलिदा’. शब्द फारसी, चोळणे-मळणे या अर्थाच्या धातूवरून आलेला. महाराष्ट्रभर त्याचा एक अर्थ चालतो : पोळी कुस्करून तूप-गूळ घालून केलेला पदार्थ, पिराच्या उरुसाला चढवायचा. त्यावरून दुसरा अर्थ आला तो वर्तमानपत्रांचा. फुकटचा लाभ, वरकमाई. ‘मलिदा खाल्ला’ म्हटले की आज दहापैकी नऊ वाचकांना हा अर्थ पहिल्यांदा आठवतो.

रेवदंड्यात तिसरा अर्थ होता, आणि आमच्या चोपडीत तो सरळ दिसतो. काही ठराविक खात्यांवर एकदम बरेच पोहे, साखर, वेलदोडे, मनुका गेलेल्या आहेत आणि पुढे ‘मलिद्याचे’ असे लिहिलेले आहे. ही खाती बेने इस्राएल घरांची. त्यांचा मलिदा भिजवलेल्या पोह्यांचा, ओला नारळ, साखर, सुका मेवा घालून केलेला. त्याच्याभोवती फळे मांडायची आणि एलियाहू हनाबीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या नावाने प्रार्थना म्हणायची. लग्नाआधी, नवस फिटल्यावर, नवे घर घेतल्यावर मलिदा होतो. अलिबागजवळ खंडाळ्याला एलिया प्रेषित येऊन गेल्याची जागा म्हणून खडक दाखवतात, तिथेही होतो. रेवदंड्याचे बेथ एल सिनेगॉग आजही उभे आहे. कुटुंबे मात्र १९४८ नंतरच्या दशकांत बहुतेक इस्राएलला गेली. मलिदा त्यांच्याबरोबर गेला. तिथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढणारी ही माणसे. त्यांनी हा शब्द हिब्रूत भाषांतरित करून टाकला नाही.

कोशाच्या दृष्टीने पाहा. पोळीचा मलिदा आणि पोह्याचा मलिदा यांत सामग्रीचे साम्य जवळजवळ नाही. साम्य आहे ते प्रसंगाचे : दोन्ही चढवायचे, दोन्ही वाटायचे. म्हणजे या शब्दाचा अर्थ पाककृतीत नाही, वाटण्यात आहे. आपले कोश मात्र खाद्यशब्दाचा अर्थ देताना घटक सांगतात, ‘पिठाचा’, ‘तांदळाचा’, ‘गोड’, ‘तिखट’. कधी करतात, कोणासाठी करतात, कोणाला देतात, हा रकानाच नाही. मलिद्यासारखा शब्द त्या चाळणीतून गळून पडतो आणि हाती उरते ती वरकमाई.

४. उंट आहे, मासा नाही

कोशांपेक्षा भाषिक पाहण्यांवर माझी अधिक भिस्त होती. ग्रियर्सनच्या ‘भारतीय भाषांची पाहणी’ या प्रचंड कामाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. स्टेन कोनोव यांनी तो सिद्ध केला. कोकणातल्या आगरी, कोळी, कुणबी अशा बोलींचे नमुने त्यात आहेत. आमच्या बोलींना छापील कागदावर स्वतःच्या नावाने जागा मिळाली, यासाठी हा खंड माझ्या दृष्टीने मोठा आहे. शिवाय त्यात बोलीला जातीचे, समाजाचे नाव आहे. म्हणजे मी वर मागितलेली ‘चुलीची खूण’ तिथे आहे.

पण नमुने कसे गोळा झाले ते पाहावे. प्रत्येक बोलीसाठी बायबलातली उधळ्या पुत्राची गोष्ट भाषांतरित करून घेतली गेली. त्याच्या जोडीला २४१ शब्द-वाक्यांची एक ठराविक यादी होती. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत खाण्याचे तीन प्रसंग आहेत : डुकरांपुढच्या शेंगा, बापाच्या मजुरांना मिळणारी पोटभर भाकरी आणि परत आलेल्या मुलासाठीची मेजवानी. तेव्हा भाकरीला कोण काय म्हणते ते कळते. त्या २४१ च्या यादीत ‘खाणे’ हे क्रियापद आहे. सोने, रुपे, लोखंड आहे. घोडा, गाय, कुत्रा, मांजर, कोंबडा, बदक, गाढव आणि उंट आहे. मासा नाही, तांदूळ नाही, मीठ नाही. कोळ्याच्या बोलीची पाहणी करायला निघालेली यादी त्याला उंटाचे नाव विचारते आणि मासळीचे विचारत नाही!

याचा दोष कोनोव-ग्रियर्सनांना देणे सोपे आहे. यादी साऱ्या हिंदुस्थानासाठी एकच हवी होती, तुलना व्याकरणाची करायची होती. त्या हेतूला ती पुरेशी होती. अडचण पुढे आली. नंतरच्या अभ्यासकांनी हेतू बदलला तरी सवय तीच ठेवली. डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६० च्या दशकात बोलींच्या पाहणीची जी मालिका सुरू केली, तीत महाडच्या कुणबी बोलीवर स्वतंत्र पुस्तक आहे. आमच्या जिल्ह्याचे म्हणून ते मी पुन्हा पुन्हा वाचले. ध्वनी आणि रूपे यांची त्यातली काटेकोर मांडणी आजही धडा म्हणून वाचावी. पण त्या पुस्तकात भाकरी, पेज, कालवण यांचे काम उच्चाराचे आणि विभक्तीचे दाखले होण्याचे आहे. ताट म्हणून ती कुठे एकत्र येत नाहीत. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मिळून गावोगाव ध्वनिमुद्रण करून एकेका वस्तूच्या नावाचे नकाशे काढायला घेतले आहेत. हे पाऊल मला सर्वांत आश्वासक वाटते, कारण त्यात वस्तू समोर ठेवून नाव विचारले जाते.

मात्र वस्तू समोर ठेवली म्हणून काम भागत नाही. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. वीसेक वर्षांपूर्वी मी रेवदंडा-चौल भागातल्या खाद्यशब्दांची यादी करायला घेतली. दोन रकाने आखले : ‘बोलीतला शब्द’ आणि ‘प्रमाण शब्द’. म्हावरं – मासळी. कोलबी – कोळंबी. चिंबोरी – खेकडा. कोळीवाड्यातल्या एका म्हातारीला मी कौतुकाने वाचून दाखवले. ती म्हणाली, “बाला, चिंबोरी ती चिंबोरी. शेतान असतो तो मुठा. तुजा खेकरा कुठं ऱ्हातो ता तूच सांग.”

तिचे बरोबर होते. तिच्या जगात खाडीतली चिंबोरी आणि शेतातला मुठा अशी दोन जनावरे होती. त्यांची चव, त्यांचा हंगाम, त्यांना धरण्याची रीत वेगळी. ‘खेकडा’ हा दोघांना एका पिशवीत घालणारा, तिच्या उपयोगाचा नसलेला शब्द होता. माझ्या यादीतला दुसरा रकाना हा पहिल्याचा अर्थ नव्हताच. दक्षिणेला सिंधुदुर्गात आणि गोव्यात गेलो की तेच जनावर ‘कुर्ली’ होते. मग चिंबोरीचा ‘प्रमाण’ अर्थ कुर्ली का नको? कारण कुर्लीलाही आपण कंसातच ठेवले आहे.

जिताड्याचे असेच. पेण-अलिबागच्या खारेपाटात तळ्यांत सोडून वाढवतात तो हा मासा. मानाच्या पाहुण्यासाठी राखून ठेवायचा. गोव्यात तोच ‘चोणाक’, बंगालात ‘भेटकी’. प्रमाण मराठीत त्याला नावच नाही. तिथे कोश काय करणार? ‘एक जातीचा मासा’ असे म्हणणार. आपल्या कोशांत ‘एक जातीचा मासा’, ‘एक प्रकारची भाजी’, ‘एक पक्वान्न’ अशा अर्थांची जी रांग आहे, ती मोजून कोणी पाहावी. ज्याच्या ताटात ती वस्तू नाही, त्याने लिहिलेली ती व्याख्या आहे.

५. परक्यांच्या वह्या आणि व्युत्पत्तीचा मोह

चौल-रेवदंड्याच्या बाबतीत एक मोह नेहमी होतो. प्राचीन बंदर, अरब, इराणी, रशियन, पोर्तुगीज सगळे येऊन गेले. मग ताटातला प्रत्येक न कळणारा शब्द यांच्यापैकी कोणाच्या तरी खात्यावर टाकावा. स्थानिक इतिहासावरच्या भाषणांत हे फार चालते. मीही केलेले आहे.

अफानासी निकितिन हा त्वेरचा व्यापारी १४६९ च्या सुमारास घोडा घेऊन चौलला उतरला आणि पुढे जुन्नर, बिदरकडे गेला. त्याच्या स्मरणार्थ रेवदंड्यात स्तंभही आहे. त्याच्या प्रवासवर्णनात घोड्यांना काय चारतात याची नोंद आहे, आणि तीत खिचडीचा शब्द येतो. साखर-तूप घालून शिजवलेली खिचडी घोड्यांना देतात, असे तो म्हणतो. ‘पाचशे वर्षांपूर्वी रशियन माणसाने आमची खिचडी नोंदवली’ म्हणून आपण खूश होतो. पण त्याच वाक्यात हरभऱ्यासाठी तो जो शब्द वापरतो तो ‘नखुद’ या फारसी शब्दाचे रूप आहे. म्हणजे निकितिनच्या कानावर पडत होती ती घोडेव्यापाऱ्यांची, तबेल्यांची, सराईची भाषा. कोळणीच्या किंवा कुणबिणीच्या चुलीपर्यंत तो पोचलेला नव्हता. पुरावा मोलाचा आहे, पण बंदरावरच्या व्यवहारभाषेचा. त्याला गावच्या स्वयंपाकाचा पुरावा म्हणणे ही आपली हौस.

पोर्तुगिजांचे उलट आहे. त्यांचे शब्द चुलीपर्यंत आले, पण ते कंसात राहिले नाहीत. बटाटा, पाव, काजू, अननस, पेरू, कोबी हे शब्द आज नागपुरातही मराठी आहेत. पोर्तुगीज सत्ता इथे सोळाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात रुजली आणि १७४० साली चौल-रेवदंडा व कोर्लई मराठ्यांकडे आले. सत्ता गेली, कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत मात्र पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली भाषा आजही घरात बोलली जाते. तिचे बोलणारे तिला ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’ म्हणतात. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर १९९६ साली पुस्तक लिहिले. आमच्याकडच्या लोकांनी त्या भाषेकडे फार काळ ‘अशुद्ध पोर्तुगीज’ किंवा ‘बिघडलेली मराठी’ म्हणून पाहिले. क्लेमेंट्सने ती एक पूर्ण भाषा म्हणून वाचली, तिचे व्याकरण मांडले.

या दोन उदाहरणांतून मी एक नियम स्वतःपुरता केला आहे. शब्द कुठून आला हे विचारण्याआधी तो कोणाच्या तोंडी, कुठे ऐकला हे विचारावे. व्युत्पत्तीला घाई नसते. बोलणारी माणसे मात्र थांबत नाहीत.

६. छापील चूल

कोश आणि पाहण्या यांच्याबरोबर तिसरे साधन पाकपुस्तकांचे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ १९१० चे. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० ची. खाद्यशब्दांच्या अभ्यासाला ही पुस्तके कोशांइतकीच महत्त्वाची आहेत, पण आपल्याकडे ती साहित्याच्या कपाटात जात नाहीत म्हणून अभ्यासकाच्या टेबलावरही येत नाहीत.

धुरंधरबाईंचे पुस्तक मला विशेष वाटते. त्या पाठारे प्रभू. त्या समाजाची मासळीची आवड आणि स्वतःचे शब्दभांडार त्यांनी न लाजता छापले. आपले शब्द ‘सर्वांना कळणार नाहीत’ या भीतीने त्यांनी ते बदलले नाहीत. ‘रुचिरा’चे यश वेगळ्या प्रकारचे. वाटी-चमच्याचे माप देऊन तिने सासू-आई जवळ नसलेल्या लाखो मुलींना स्वयंपाक शिकवला. हे उपकार थोडे नाहीत. पण कोणत्याही लोकप्रिय पाकपुस्तकाचा एक परिणाम असतो. कृतीच्या डोक्यावर जे नाव छापले, तेच घरात शिरते. आईच्या तोंडचे नाव ‘आमच्याकडे असे म्हणतात’ या सदरात जाते, आणि एका पिढीनंतर तेही राहत नाही.

आता हॉटेले आणि रिसॉर्ट आली. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट. त्यामुळे एका स्थानिक नावाला कायद्याचे बळ आले. हिवाळ्यात वालाच्या शेंगा मडक्यात घालून, भांबुर्ड्याचा पाला लावून, मडके उपडे करून भाजतात ती ‘पोपटी’ही आता पाट्यांवर दिसते. वलसाडकडचे ‘उंबाडियुं’ तिचे सख्खे भावंड. पण पाटीवर तेच शब्द जातात ज्यांना गिऱ्हाईक आहे. ‘पोपटी’ तरली. पेजेवरची ‘निवळ’, तांदूळ सडताना निघणाऱ्या ‘कण्या’ यांना पाटीवर जागा मिळणार नाही, कारण ते गरिबीचे शब्द आहेत. गरिबीच्या शब्दांना बाजार वाचवत नाही. ते काम कोशाचेच.

७. मग नोंद कशी असावी?

टीका केली म्हणजे पर्याय देणे आले. खाद्यशब्दाच्या नोंदीत माझ्या मते चार गोष्टी असाव्यात. पहिली, गाव आणि चूल दोन्ही : ‘कोकण’ असे न म्हणता ‘रेवदंडा, कोळी’. दुसरी, प्रसंग आणि हंगाम. तिसरी, त्याच गावातले शेजारचे शब्द. म्हणजे बिरड्याच्या नोंदीत डाळिंबी आणि डाळिंबीच्या नोंदीत बिरडे, दोन्ही सारख्या मानाने. चौथी, वस्तूचे वर्णन ती वापरणाऱ्याच्या बाजूने : चिंबोरी म्हणजे ‘खेकडा’ असे न म्हणता ‘खाडीत व समुद्रात मिळणारी, शेतातल्या मुठ्याहून वेगळी’.

असा कोश फार मोठा होईल, असा आक्षेप येईल. होऊ दे. सगळ्या महाराष्ट्राचा एकदम करायचा नाही. एका गावाचा करावा. एका गावाचे शंभर शब्द नीट नोंदवले, तर त्यांतून त्या गावाची परीक्षा होते. शिते मोजत बसण्याची भाताला गरज नाही, हे आपण म्हणीतच मान्य केलेले आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चुलीची खूण लावायची म्हणजे शब्दाला पुन्हा जात चिकटवायची का? मी यावर पुष्कळ विचार केला. जात शब्दाला चिकटलेलीच आहे. ‘कोकण’ या खुणेखाली आपण ती झाकतो एवढेच. झाकल्याने फायदा एकाच चुलीचा झाला : जिच्या शब्दांना खूणच लागत नाही तिचा. डाळिंबीपुढेही ‘रेवदंडा, ब्राह्मण’ असे येईल तेव्हा ती बिरड्याच्या पंक्तीला बसेल. मला हवी आहे ती पंगत.

शेवटी एक खाजगी गोष्ट सांगतो, कारण ती या विषयाच्या पद्धतीशी जोडलेली आहे. मी सातवीत असताना आमच्याकडे बाहेरगावचे पाहुणे आले होते. आईने त्यांच्यासमोर ‘चिंबोऱ्यांचं कालवण’ म्हटले. मला लाज वाटली. पाहुणे गेल्यावर मी तिला म्हणालो, “खेकडा म्हणावं. पुस्तकात तसंच आहे.” ती काही बोलली नाही. त्यानंतर तिच्या तोंडून मी खेकडाच ऐकत आलो आणि मनात समजत होतो की आमच्या घरातून तो शब्द गेला. ती वारल्यावर शेजारच्या काकू बोलता बोलता म्हणाल्या, “तुझी आई चिंबोऱ्या आणायची ना, तेव्हा आधी बघायची तू घरात आहेस का.” मी घरात असलो की खेकडा, नसलो की चिंबोरी. हे तिने जन्मभर सांभाळले.

बोलींची पाहणी करणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे. वही घेऊन समोर बसलेल्या शिकल्यासवरल्या माणसाला बाई खेकडाच सांगते. माझ्या वीस वर्षांपूर्वीच्या यादीतले किती शब्द असे माझ्या चेहऱ्याकडे पाहून सांगितले गेले असतील, याचा हिशेब आता लागणार नाही. वडिलांच्या चोपडीवर माझा विश्वास आहे तो याचसाठी. तागडीपुढे उभे राहिलेल्या माणसाला चांगले मराठी बोलून दाखवायचे नव्हते. त्याला वाल हवे होते.

दुकान आता नाही, म्हणून मी यादी नव्याने करतो आहे, आणि पद्धत बदलली आहे. प्रश्न विचारत नाही. बाजारच्या दिवशी मासळीवालीच्या पाटीपासून थोडे लांब उभा राहतो आणि ऐकतो. दुसरा रकाना मी खोडून टाकला आहे.